पडद्याची मोटर आणि खारा वारा

रत्नागिरीला निघालो तेव्हा पिशवीत एक पत्र्याचा डबा होता आणि डब्यात अर्धा लॅमिंग्टन रोड. पाटीवर या रस्त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं आहे. पण तिथे रिले आणि रेझिस्टर विकत घेणारे आम्ही लोक १९०७ साली मुंबई सोडून गेलेल्या गव्हर्नराला अजून सोडायला तयार नाही. डब्यात यंत्राचा मेंदू म्हणून एक आर्डुइनो, रिलेचा बोर्ड, दोन लिमिट स्विच, वायरची भेंडोळी आणि पावसाचा सेन्सर म्हणून विकली जाणारी एक पट्टी होती. पट्टीवर तांब्याच्या रेघांची नक्षी असते. दोन रेघांच्या मध्ये थेंब पडला की त्यातून वीज वाहते आणि मेंदूला पाऊस कळतो. टेबलावर चमचाभर पाणी टाकून मी ती दहा वेळा तपासली होती.

गोळपच्या पुढे, पावसच्या वाटेवर माझ्या मावशीचं घर आहे. मे महिन्यात तिच्या खळ्यात पाय ठेवायला जागा नसते. एका बाजूला आंब्याचं साठ. हापूसचा रस तूप लावलेल्या ताटात ओतायचा, उन्हात सुकवायचा, त्यावर दुसरा थर, मग तिसरा. दुसऱ्या बाजूला आमसुलं. रातांब्याची सालं मीठ घातलेल्या रसात बुडवायची आणि वाळवायची, पुन्हा बुडवायची आणि वाळवायची. दोन्ही कामं कित्येक दिवस चालतात, आणि चालतात नेमकी वळवाच्या तोंडावर. गेल्या वर्षी मावशी दुपारी बाजारात गेली असताना सर आली आणि सहा थरांचं साठ धुऊन गेलं. "तुम्ही लोक म्हणे चंद्रावर यंत्रं उतरवता, मग एक ताडपत्री ओढता येत नाही होय रे?" असं तिने फोनवर विचारलं. मी चंद्रावर काही उतरवलेलं नाही, पण प्रश्न रास्त होता.

बेत असा होता. मांडवाला घराकडून बाहेर उतार द्यायचा. वरच्या टोकाला ३ मीटर लांबीचा रूळ, त्यावर गुंडाळलेली ताडपत्री आणि ताडपत्रीच्या मोकळ्या काठाला जड सळई. पाऊस लागला की मोटर रूळ फिरवणार आणि सळईच्या वजनाने ताडपत्री उतारावरून खाली जाणार. ऊन आलं की बटण दाबून परत गुंडाळायची. मोटर, पाऊस ओळखणारं इंद्रिय, शेवट आला हे सांगणारा स्विच आणि मधला हिशेब करणारा मेंदू. मेंदू माझ्या डब्यात होता. हातपाय रत्नागिरीत जमवायचे, असं ठरवून एप्रिलच्या मध्यावर गाडीत बसलो.

ज्या रेल्वेने गेलो तीही याच जातीचं, फक्त फार मोठं यंत्र आहे हे तेव्हा डोक्यात नव्हतं. उक्षी सुटलं की करबुड्याचा बोगदा लागतो. साडेसहा किलोमीटरचा हा बोगदा कोकण रेल्वेवरचा सगळ्यांत लांब. त्यातून बाहेर पडलं की थोड्या वेळात रत्नागिरी. या स्थानकात पावसाची आपोआप नोंद ठेवणारं यंत्र आहे. पुढे निवसरच्या वाटेवर पानवलचा ६४ मीटर उंच पूल आहे, तिथे वाऱ्याचा वेग मोजणारं यंत्र बसवलं आहे. वाशिष्ठी आणि सावित्री या नद्यांच्या पुलांवर पाणी चढल्याची सूचना देणारी यंत्रणा आहे. मुसळधार पावसात समोरचं दिसेनासं झालं की गाडी ताशी ४० किलोमीटरवर आणायची, असा चालकांना हुकूम असतो. मार्ग पूर्ण झाला २६ जानेवारी १९९८ रोजी. २००३च्या जूनमध्ये वैभववाडीजवळ आणि २००४च्या जूनमध्ये करंजाडीजवळ दरडी-दगडांनी गाड्यांचे मोठे अपघात घडवले, त्यानंतर ही पावसाळी शिस्त अधिक कडक झाली. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस जिथे पडतो, तिथे पाऊस कळणं हा हौसेचा विषय नाही.

स्थानक कुवारबावला, सड्यावर आहे. मुंबईकराला समुद्रकाठचं गाव म्हटलं की उतरल्याबरोबर समुद्र दिसावासा वाटतो. इथे दिसतो तो जांभा, काळपट-तांबडा, उन्हात तापलेला. जवळच मिरजोळ्याची एमआयडीसी. मला पहिल्यांदा लेथवाला गाठायचा होता, कारण मोटरचा दांडा आणि रूळ यांना जोडणारा तुकडा बाजारात आयता मिळत नाही.

पण लेथवाल्याकडे जायला आधी मोटर हवी. ती मिळाली वाटेवरच्या भंगारात. गाडीच्या काचेवरचे वायपर फिरवणारी मोटर ही आमच्यासारख्या हौशी लोकांची कामधेनू आहे. आत वर्म गिअर असतो, म्हणजे मळसूत्र आणि दातेरी चाक. त्यामुळे वेग कमी आणि जोर भरपूर. शिवाय वीज बंद केली की बाहेरून ओढून दांडा सहसा फिरत नाही. ताडपत्री वाऱ्याने आपोआप उलगडू नये, ही माझी अर्धी काळजी तिथेच मिटली. भंगारवाल्याकडे मोटारीची मोटर नव्हती, ट्रकची होती, म्हणजे १२ ऐवजी २४ व्होल्टची. मी परत ठेवायला निघालो तर तो म्हणाला, "भाऊ, बारावर पण फिरते. हळू फिरते. तुम्हाला घाई काय आहे?" खरं होतं. निम्म्या व्होल्टला वेग साधारण निम्मा होतो. मिनिटाला पंचेचाळीसच्या जागी बावीस फेरे. ५ सेंटिमीटर व्यासाच्या रुळावर ३ मीटर ताडपत्री सोडायला पाऊण-एक मिनिट. मला चालणार होतं.

भंगारात एका कोपऱ्यात मोठमोठ्या गोल पात्यांचा ढीग होता. ही चिरेखाणीची पाती. इथलं घर जांभ्याच्या चिऱ्याचं. चिरा पूर्वी टिकावाने, माणसाच्या हाताने निघायचा. आता खाणीत रूळ टाकतात आणि त्यावर करवतीचं यंत्र सरकतं. आधी उभे छेद एका दिशेला, मग त्यांना काटकोनात, आणि शेवटी तळाशी आडवं पातं घालून चिरा सोडवायचा. मोटर, रूळ, सरकणारी गाडी, खोली ठरवायची तरफ, सगळं तिथेच जोडलेलं आणि तिथेच दुरुस्त होणारं. गावठी नियंत्रण प्रणाली पाहायची असेल तर महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेपेक्षा चिरेखाण बरी, असं माझं मत झालं.

मिरजोळ्यातल्या लेथवर एक टर्नर लांबच लांब दांडा कातत होता. होडीच्या पंख्याचा दांडा. मी माझं चित्र पुढे केलं. त्याने ते पाहिलंही नाही. विचारलं, "कुठे बसवणार?" गोळपच्या पुढे म्हटल्यावर पुढचा प्रश्न, "समुद्राकडच्या अंगाला की डोंगराकडच्या?" किती व्होल्ट, किती वजन, किती फेरे, यांतलं काहीच नाही. मग त्याने पेन घेतलं आणि माझ्या यादीतले बॉल बेअरिंग काढून टाकले.

या खोडण्यामागचं कारण मला फार आवडलं. होडीचा पंखा पाण्यात फिरतो आणि त्याचा दांडा ज्या नळीतून बाहेर जातो, तिथे गोळ्यांचं बेअरिंग टिकत नाही. तिथे रबराचा, नायलॉनचा किंवा जुन्या काळी कठीण लाकडाचा बुश घालत आणि त्याला वंगण म्हणून चक्क समुद्राचं पाणीच पुरे होई. जे सतत खाऱ्या पाण्यात टिकतं ते खळ्यातल्या खाऱ्या वाऱ्यात टिकणारच. त्याने नायलॉनचे दोन बुश कातून दिले, पण दांड्यापेक्षा किंचित सैल. "आज ढिला वाटेल. पावसात फुगतो." नायलॉन हवेतलं पाणी शोषून फुगतं, हे मी पुस्तकात वाचलं होतं. किती जागा सोडायची ते मात्र पुस्तकात नसतं. मोटरच्या खाली बसवायलाही त्याने नायलॉनच्याच चकत्या दिल्या आणि त्यांचा उपयोग मला नंतर कळला. वायपर मोटरचं ऋण टोक पुष्कळदा तिच्या धातूच्या अंगालाच जोडलेलं असतं. ती उलटसुलट फिरवायची तर अंग लोखंडी चौकटीला टेकून चालत नाही. मी हे विसरलो होतो.

तिथून खाली गावात. साळवी स्टॉप, मारुती मंदिर, जयस्तंभ. रस्ता उतरत जातो तसा वारा बदलतो, चेहऱ्याला चिकट लागू लागतो. रामआळीच्या आसपासच्या विजेच्या दुकानांत मला वायर, फ्यूज आणि बॅटरी घ्यायची होती. दुकानाच्या दर्शनी फळीवर शेतीपंपाचे स्टार्टर रांगेने मांडलेले. वीज कधीही जाते-येते, म्हणून पंप स्वतःहून चालू करणारं जे खोकं शेतकरी लावतो त्याला सगळा महाराष्ट्र नुसता 'ऑटो' म्हणतो. मोबाइलवरून मिस्ड कॉल दिला की पंप सुरू करणारी खोकीही होती. बागेतल्या झाडांना पाणी घालायला मुंबईहून फोन लावणारे बागायतदार आहेत म्हणे. शेजारच्या रिवाइंडिंगवाल्याने एका उघड्या मोटरच्या पोटात पेटलेला साधा दिवा ठेवला होता. ओल धरलेली गुंडाळी सुकवायला. त्याचा हा दिवा गणपतीनंतर आठवडेच्या आठवडे विझत नाही असं त्याने सांगितलं.

तांब्याच्या तारेचा भाव ऐकून मी दचकलो. रत्नागिरीत तांबं ही साधी गोष्ट नाही. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला इथे झाडगावच्या औद्योगिक क्षेत्रात स्टरलाइटचा तांबं वितळवण्याचा कारखाना उभा राहत होता. आंबा आणि मासळी धोक्यात येईल म्हणून लोक रस्त्यावर उतरले, १९९३ साली काम थांबलं आणि तो प्रकल्प तमिळनाडूत तुतिकोरिनला गेला. तिथे पुढे काय झालं, २०१८च्या मे महिन्यातला गोळीबार आणि मग बंद झालेला कारखाना, हे सर्वांना ठाऊक आहे. तीस वर्षांनंतरही या विषयावर रत्नागिरीकर दोन बाजूंनी वाद घालतात. मी पाच मीटर वायर घेतली आणि वादात पडलो नाही.

मिरकरवाड्याला जायचं माझ्या यादीत नव्हतंच. लिमिट स्विच दाखवून "असाच, पण पाणी न शिरणारा हवा" असं मी तीन दुकानांत विचारलं, आणि तिन्ही ठिकाणी एकच उत्तर मिळालं: बंदरावर जा.

रत्नदुर्ग किल्ल्याच्या पायथ्याशी असलेलं मिरकरवाड्याचं हे बंदर जिल्ह्यातलं मासेमारीचं सगळ्यांत मोठं बंदर. एप्रिलमध्ये तिथे दोन वेगवेगळी वेळापत्रकं शेजारी शेजारी उभी दिसतात. ट्रॉलर आणि छोट्या होड्या ये-जा करत असतात. पर्ससीन जाळ्यांच्या मोठ्या नौकांवर मात्र दुरुस्ती, रंग, जाळी सांधणं चाललेलं, कारण राज्याच्या हद्दीत पर्ससीनची मासेमारी २०१६च्या आदेशानुसार सप्टेंबर ते डिसेंबर एवढीच करता येते. ही जाळी प्रचंड वर्तुळ टाकून तळाशी बटव्यासारखी आवळतात. मासा अशाने संपतो, हे पारंपरिक मच्छीमारांचं म्हणणं. कर्ज काढून बांधलेली नौका आठ महिने उभी कशी ठेवायची, हे दुसऱ्यांचं. नौकांवरचे खलाशी आपसांत नेपाळी बोलत होते. हिमालयातून आलेली माणसं अरबी समुद्रात जाळी ओढतात, याचं इथे कुणाला नवल वाटत नाही. मला वाटलं.

बंदरावरच्या सामानाच्या दुकानात मी तासभर होतो आणि या प्रवासातला तोच खरा तास. दुकान कसलं, पोटमाळ्यासकट भरलेलं गोदाम. दोर, बोये, कप्प्या, विंचचे सुटे भाग, दिवे, जस्ताचे ठोकळे. जस्ताचे ठोकळे कशाला? होडीच्या पाण्याखालच्या पोलादाला ते लावून ठेवतात. खारं पाणी आधी जस्ताला खातं आणि पोलाद वाचतं. दर हंगामात जस्त बदलायचं. बळीचा बकरा म्हणावा तर हा दुकानात किलोवर मिळतो. गल्ल्यावरच्या चाचांनी माझा डबा उघडायला लावला आणि आतल्या वस्तू एकेक करून दोन ढिगांत ठेवल्या. मोठा ढीग कुठला ते सांगायला नको.

नट-बोल्ट हातात घेऊन म्हणाले, "हे तीनशे चारचं. तुम्हाला स्टेनलेस दिसतं, वाऱ्याला दिसत नाही." स्टेनलेस पोलाद म्हणजे न गंजणारं, एवढंच आपण धरून चालतो. ३०४ प्रतीच्या पोलादावर समुद्राकाठी काही महिन्यांत चहाचे डाग पडल्यासारखे तांबूस ठिपके येतात. ३१६ प्रतीत दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, ते मिठातल्या क्लोराइडला बऱ्यापैकी थोपवतं. मग लिमिट स्विच. माझ्याकडचा होता तो पत्र्याची जीभ दाबली की टिक् वाजणारा. त्यांनी समोर ठेवला तो रीड स्विच. काचेच्या बंद नळीत दोन पात्या असतात, जवळ चुंबक आलं की चिकटतात. सळईला चुंबक, चौकटीला नळी. उघडं काही नाही, म्हणजे गंजायला काही नाही.

आणि मग पावसाची पट्टी. ती त्यांनी दोन बोटांत धरून उन्हाकडे केली आणि हसले. "किती दिवस चालली?" मी म्हटलं, अजून लावायची आहे. तेव्हा त्यांनी फळीवरून बोटभर काडीवर वरखाली सरकणारा एक काळा फ्लोट काढून दिला. होडीच्या तळाशी पाणी साचू लागलं की हा वर उचलला जातो आणि वर केबिनमध्ये घंटा वाजते. फ्लोटमध्ये चुंबक, काडीत तोच रीड स्विच. पाऊस हेसुद्धा शेवटी साचणारं पाणीच की, असं त्यांचं म्हणणं. मला ते तेव्हा जुनाट वाटलं. तरी चाचांचं मन राखायला घेतला.

बंदरावरून परतताना थिबा पॅलेसवरून गेलो. १८८५ साली ब्रह्मदेश जिंकल्यावर इंग्रजांनी थिबा राजाला इथे आणून ठेवलं ते १८८६ साली. हा वाडा त्याच्यासाठी १९१०मध्ये पूर्ण झाला आणि १९१६मध्ये तो इथेच वारला. सावरकरांना १९२४ ते १९३७ स्थानबद्ध ठेवलं तेही याच जिल्ह्यात. ज्याला जगापासून तोडायचं त्याला रत्नागिरीला ठेवावं, असा तो हिशेब होता. रेल्वे नाही, घाट अवघड, आणि पावसाळ्यात आगबोटीही बंद. माझा आपला एक अंदाज आहे. जिथे सुटा भाग चार महिने येऊच शकत नाही, तिथली माणसं विकत घेताना आधी 'कुठे बसवणार' हेच विचारणार.

भाट्याचा पूल ओलांडला की काजळी नदीचं मुख मागे पडतं आणि सुरूचं बन लागतं. पुढे गोळपच्या बाजूला फिनोलेक्सचा मोठा कारखाना दिसतो, पीव्हीसीचा. रूळ म्हणून मी पीव्हीसीचा पाइपच धरला होता. तो ज्या पठारावर तयार होतो त्याच पठारावर तो उन्हात मधोमध झोळ धरतो, हे मावशीच्या खळ्यात दोन तासांत दिसलं. शेवटी पाइपच्या पोटात लोखंडी नळी सारली. बाहेरून पीव्हीसी, आतून लोखंड. लोखंडाला वारा लागत नाही, पीव्हीसीला वजन लागत नाही.

सगळं जोडून झालं तेव्हा मी हट्टाने माझी मुंबईची पट्टीच लावली. पहिल्या रात्री तीन वाजता मोटर सुरू झाली. आकाशात चांदणं. ताडपत्री शिस्तीत खाली आली, कुत्रं भुंकू लागलं, मावशी कंदील घेऊन बाहेर. दुसऱ्या रात्रीही तेच. तिसऱ्या दिवशी पट्टी खाली काढली तर तांब्याच्या रेघा हिरव्या पडून दोन जागी तुटल्या होत्या. कारण मावशीच्या मिठाच्या बरणीत होतं. हवेतली आर्द्रता पाऊणशे टक्क्यांवर गेली की मीठ स्वतःच पाणी ओढून पाझरतं. वाऱ्याने पट्टीवर मिठाचा थर धरला, रात्री तो ओला झाला, यंत्राला पाऊस वाटला. त्यातून सतत वीज वाहत राहिल्याने तांबं विरघळून गेलं. टेबलावर मी पाण्याची परीक्षा घेतली होती, हवेची नाही.

मग चाचांचा फ्लोट आला. एक चौरस मीटर पन्हळी पत्रा तिरका लावला, त्याच्या टोकाला अरुंद डबा, डब्यात फ्लोट. पत्र्यावर ०.३ मिलिमीटर पाऊस पडला तर डब्यात ३०० मिलिलिटर पाणी येतं. डबा अरुंद असल्याने ते सहा सेंटिमीटर चढतं आणि फ्लोट उचलला जातो. वळवाच्या जोरदार सरीला अर्धा मिनिट पुरतं. डब्याच्या बुडाला बारीक भोक, म्हणजे पाऊस थांबला की तो आपोआप रिकामा. दंव, मीठ, धुकं, पाखरांची शीट, कशाचाही त्याच्यावर परिणाम नाही. आर्डुइनो राहिला तो फक्त मोटर शेवटाला थांबवण्यापुरता. तेही दोन रिलेंनी झालं असतं.

२० मेच्या सुमारास पहिली सर आली तेव्हा वीज गेलेली होती, बॅटरी चालू होती आणि मावशी देवळात. परत आली तेव्हा साठ कोरडं होतं. आमसुलं मात्र मागच्या अंगणात होती, ती भिजली. म्हणून दुसरा पडदा करायचा आहे आणि त्या भंगारवाल्याकडे आता ट्रकची मोटर शिल्लक नाही. वाचकांपैकी कोणाकडे २४ व्होल्टची वायपर मोटर पडून असेल तर कृपया टाकून देऊ नका. गंजलेली चालेल, दांडा फिरत असला म्हणजे झालं.